अर्नोकांठचा मुक्काम

परदेशपर्यटनाचा बेत करणें म्हणजे नुसतीं तिकिटें काढणें नव्हे; कोणत्या स्थळाला किती दिवस द्यावयाचे, याचा आधीं विवेक करावा लागतो. आमच्या कबनूरच्या घरीं यंदा हाच प्रश्न उपस्थित झाला. तरुण मंडळींचें म्हणणें, युरोप एकदांच होणार, तेव्हां बारा दिवसांत सात देश पाहून घ्यावे. त्या आंखणींत फ्लॉरेन्सच्या वांट्याला अवघी एक दुपार आली होती. पुष्कळ वादविवादानंतर रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस या तीनच नगरांवर एकमत झालें. वाचकांच्या घरींही असे बेत होत असतील, म्हणून आमचीं कारणें येथें देतों.

फ्लॉरेन्सचा आग्रह आमचा. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं इंग्लंडला गेले. समुद्रगमन कलिवर्ज्यांत गणलें जाण्याचा तो काळ. परततांना त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला; वय अवघें वीस वर्षांचें. त्या नगरांत दहनाची चाल नव्हती. तरीही नगराधिकाऱ्यांनीं परवानगी दिली आणि अर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाला. १८७४ मध्यें तेथें छत्री उभी राहिली. तिची रचना मेजर मँट यांची, म्हणजे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनीं आंखला त्यांचीच. आंतील अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा. जवळच्या पुलालाही त्या स्मारकावरून ‘इंडियानो’ हें नांव पडलें आहे. महाराजांची प्रवासांतील रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनीं १८७२ सालीं लंडनांत प्रसिद्ध केली. आमच्या शेजारच्या इचलकरंजीचे अधिपति नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनींही १९१३ च्या युरोपप्रवासाचीं निरीक्षणें ग्रंथरूपानें मांडलीं. निघण्यापूर्वीं असें कांहीं वाचून जावें; मग डोळ्यांना काय पाहावयाचें तें कळतें.

छायाचित्रांचा नाद आमच्या पुतण्याला. त्याच्यासाठीं दिवसाचे बेत उजेडावरून ठरविले. रोमच्या पँथिऑनचा घुमट सुमारें ४३ मीटर व्यासाचा असून माथ्यावरील गोल झरोक्यांतून सूर्याचा झोत आंत उतरतो. तेथें मध्यान्हींच जावें. व्हेनिसचा सेंट मार्कचा चौक गर्दीपूर्वीं, पहांटे पाहावा. फ्लॉरेन्समध्यें मायकेलअँजेलोच्या नांवाचा उंच चौक सायंकाळीं गांठावा. तेथून अर्नोवरील पूल ओळीनें दिसतात. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्यें मात्र छायाचित्र घेण्यास मनाई आहे. तेथें मान वर करून स्वस्थ पाहावें हें उत्तम.

आहाराची चिंता सूनबाईंनीं स्वतःकडे घेतली. शाकाहारी कुटुंबानें एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी : पार्मिजानो चीज करतांना वासराच्या जठरांतील रेनेट वापरतात, आणि तें किसून कित्येक पदार्थांवर न विचारतां घालतात. मारिनारा पिझ्झावर टोमॅटो, लसूण, तेल व ओरेगानो एवढेंच असतें. रिबोल्लिता म्हणजे पांढरा घेवडा, काळा कोबी व शिळा पाव यांचें दाट सार; त्यांत मांसाचा रस नाहीं ना, एवढें विचारावें. शिळ्याचें सोनें करणारी गृहिणी तेथेंही आहे, हें पाहून आमच्या फोडणीच्या पोळीची आठवण होईल. टस्कनीच्या किनाऱ्याकडे काबुली चण्याच्या पिठाचा चेचिना नांवाचा पदार्थ भट्टींत भाजतात. तो आपल्या धिरड्याचा चुलतभाऊच म्हणावा.

व्यवहाराचेंही सांगतों. शेनजेनचा व्हिसा प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपर्यंत मागतां येतो. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा त्यास लागतो. जेथें मुक्काम अधिक, त्याच देशाकडे अर्ज करावा. या तिन्ही नगरांना जलद आगगाडी जोडते, म्हणून विमानतळांवरील खोळंबा व गुडघ्यांचे हाल वांचतात.

छत्री कासिने उद्यानाच्या पश्चिम टोंकास आहे. उद्यान तीन किलोमीटरांहून लांब. म्हणून एक संपूर्ण सकाळ तिच्यासाठीं राखून ठेविली आहे. सामानांत पंचगंगेच्या पाण्याची लहानशी बाटली घ्यावयाची, असें घरांतल्या लहानांनींच सुचविलें, आणि सात देशांचा हट्ट धरणाऱ्यांनीं ती भरून आणण्याचें काम आपणहून पत्करलें.