एकावन्न वर्षांचे कार्यवाह

लंडन, रविवार रात्र

ती. काकांस,


तुमचं पत्र पोचलं. नवा कार्यवाह व्हायला कुणी तयार नाही, म्हणून पुढच्या वर्षापासून आपलं गाण्याचं मंडळ गुंडाळायचं म्हणता. त्याआधी एक मोठं नाव बोलवायचं, प्रायोजक गाठायचा आणि दणक्यात सांगता करायची. काकू फोनवर म्हणाल्या, "माझं ऐकत नाहीत, तू लिहून बघ." म्हणून लिहिते आहे. तुम्हाला उपदेश करण्याइतकी मी मोठी झालेली नाही. इथल्या एका मंडळाची हकिकत तेवढी सांगते.

होबर्न स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांवर रेड लायन स्क्वेअर नावाची लहानशी बाग आहे. तिथे फेनर ब्रॉकवेंचा पुतळा आहे, हात पुढे करून भाषण देतानाचा. हा कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज भारताच्या स्वातंत्र्यासाठी स्वतःच्याच पार्लमेंटात भांडला. बागेत बर्ट्रांड रसेलही आहेत, पण नुसते खांद्यापर्यंत. आणि कोपऱ्यावर कॉन्वे हॉल. या हॉलमध्ये हंगामात रविवारी संध्याकाळी चेंबर म्युझिक होतं. वादक तीन, चार, फार तर पाच-सहा. काठी हलवणारा संचालक नाही. मी पुढच्या रांगेत बसते. चौघं स्थिरावतात, पहिला व्हायोलिनवाला नाकाने जरा ऐकू येईल असा श्वास घेतो, आणि त्या श्वासावर चारही गज एकदम उतरतात. तुम्ही असतात तर इथेच मान डोलावली असतीत.

या कार्यक्रमांची सुरुवात १८८७ मधली. लगेच म्हणाल, आपला पूना गायन समाज १८७४ चा आणि कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा. कबूल, आपण थोरले. पण इथे मुद्दा वयाचा नाही. इतकी वर्षं हे चाललं कशावर, ते पाहण्यासारखं आहे.

त्या वेळचा लंडनचा रविवार म्हणजे कामकऱ्याला शिक्षाच होती. आठवड्यातली एकुलती सुट्टी, आणि त्याच दिवशी सगळं बंद. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी रविवारी उघडायला १८९६ साल उजाडलं. १७८० च्या एका कायद्याने रविवारी पैसे घेऊन करमणूक करायला बंदी होती. दारावर तिकीट लावलं तर ती जागा कायद्याच्या लेखी गुत्त्या-अड्ड्यांच्या पंक्तीला जाऊन बसे. यातून वाट एकच होती: प्रवेश मोकळा ठेवायचा आणि आत थाळी फिरवायची. म्हणजे ज्या कायद्याने करमणूक अडवायची, त्यानेच गरिबासाठी दार उघडं ठेवलं. इंग्रजांच्या कायद्यांचं असं पुष्कळदा होतं.

गोरगरिबांच्या वस्त्यांत स्वस्तात चांगलं संगीत पोचवायला पीपल्स कॉन्सर्ट सोसायटी नावाची संस्था १८७८ मध्ये निघाली होती. तिचे कार्यक्रम फिन्सबरीतल्या साउथ प्लेस चॅपलमध्ये होत. १८८७ मध्ये त्या संस्थेने हात आखडता घेतला, तेव्हा चॅपलच्या मंडळींनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. ही मंडळीही मोठी नमुनेदार. मूळचा १७९३ चा बंडखोर ख्रिस्ती पंथ. पुढे अमेरिकेहून आलेले गुलामगिरीविरोधी मॉन्क्युअर कॉन्वे त्यांचे धर्मोपदेशक झाले आणि १८६९ मध्ये त्यांनी प्रार्थनाच बंद केली. हे कॉन्वे १८८३-८४ च्या सुमारास आपल्याकडेही येऊन गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं. १८८८ मध्ये मंडळींनी एथिकल सोसायटी असं नाव घेतलं. देव गेला, पण रविवारी एकत्र जमायची सवय काही जाईना. मला वाटतं, मैफली टिकल्या त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे.

आता तुमच्या जातीचा माणूस. आल्फ्रेड क्लेमेंट्स. १८८७ पासून १९३८ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे एकावन्न वर्षं, हे या मैफलींचे मानद कार्यवाह होते. मानद, म्हणजे बिनपगारी. ते स्वतः नामवंत वादक नव्हते की संगीतकार नव्हते. कलावंतांना पत्रं लिहायची, तारखा जुळवायच्या, कुणी ऐन वेळी आजारी पडला तर बदली शोधायचा, कार्यक्रमपत्रिका छापून आणायच्या आणि थाळीत काय जमलं ते मोजायचं, हा त्यांचा धंदा. वादकही नाममात्र मानधनावर येत, कधी तेही न घेता. जॉन सॉन्डर्स या व्हायोलिनवादकाची चौकडी वर्षानुवर्षं येत राहिली. नेहमीचे वादक आणि नेहमीचे श्रोते, त्यामुळे ब्राम्सची एखादी अवघड रचना पहिल्यांदा डोक्यावरून गेली तरी दोन वर्षांनी पुन्हा कानावर पडे, आणि मग कळू लागे. आपल्याकडे नाही का, पहिल्यांदा बिहागडा ऐकताना बिहागच वाटतो, तसं.

१९२७ च्या फेब्रुवारीत हजारावी मैफल झाली. चाळीस वर्षांत हजार, म्हणजे वर्षाला सरासरी पंचवीस, आणि मध्ये एक महायुद्ध. मीडमोर नावाच्या गृहस्थांनी त्या हजार मैफलींचा इतिहास लिहिला. मला त्यातली एक गोष्ट फार भावली: हजारच्या हजार कार्यक्रमांचा हिशेब शिल्लक होता म्हणून ते पुस्तक होऊ शकलं. कोण वाजवून गेलं आणि काय वाजवलं, हे कुणीतरी रविवारी रात्री घरी जाऊन लिहून ठेवत होतं. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या मैफलींच्या आठवणी ढीगभर निघतात, पण "नक्की कुठल्या साली?" असं विचारलं की सगळे आढ्याकडे बघतात.

पुढे जुनं चॅपल गेलं आणि १९२९ मध्ये रेड लायन स्क्वेअरचा हॉल उभा राहिला. कॉन्वेंचं नाव त्याला दिलं. रंगमंचाच्या वर शेक्सपिअरची एक ओळ लिहिलेली आहे, भिंती लाकडाने मढवलेल्या, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्याला चेलोच्या तारेवरची खरखरसुद्धा ऐकू यावी. ध्वनिक्षेपक लागत नाही. हे वाचून तुम्हाला आपल्या कार्यालयातला तो शिट्ट्या मारणारा माइक आठवेल, म्हणून जास्त लिहीत नाही.

क्लेमेंट्स गेले आणि पुढच्याच वर्षी दुसरं महायुद्ध आलं. मंडळ बंद पडायला याहून चांगलं निमित्त कुठलं मिळणार? पण पडलं नाही. त्यांचा पुतळा कुणी उभारला नाही. त्यांच्या नावाने चेंबर म्युझिकच्या नव्या रचनेला बक्षीस ठेवलं. समितीचं काम चालू राहिलं. १९६९ मध्ये दोन हजारावी मैफल झाली, आणि तोही इतिहास फ्रँक हॉकिन्स यांनी लिहून काढला.

खरं सांगू का, एकाच माणसाने एकावन्न वर्षं कार्यवाह असणं मला तितकंसं पटलेलं नाही. पहिल्या पंचवीस वर्षांत क्लेमेंट्सना ट्रामने धडक दिली असती तर काय झालं असतं, असा विचार मनात येतोच. ते वाचले, आणि त्यांच्यानंतर मंडळही वाचलं, कारण सगळं त्यांच्या डोक्यात नव्हतं. ते कागदावर होतं आणि समितीतल्या चार जणांना ठाऊक होतं. तुमचं तसं नाही, काका. आपल्या मंडळाची घटना म्हणजे तुमच्या कपाटातली ती लाल कापडी बांधणीची वही. कुठल्या बुवांची पट्टी काळी एक आणि कुणाची पांढरी चार, कोण गाण्याआधी जेवत नाही, कुणाला तिखट चालत नाही, तंबोरे कुणाच्या माडीवर, सतरंज्या कुणाच्या गोठ्यात, वर्गणी कुणाची दोन वर्षं थकली आहे, सगळं त्या वहीत. आणि ती तुम्ही काकूंनाही हात लावू देत नाही. मग "कुणी पुढे येत नाही" हे गाऱ्हाणं मला अर्धंच खरं वाटतं. पुढे यायचं म्हणजे कुठे यायचं, ते कुणाला दिसतच नाही.

स्वयंसेवकांवर जग कायमचं चालत नाही, हेही मला दिसतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथेही बदललं. मैफलींची आखणी सायमन कॅलाहन या पियानोवादकाकडे आली. प्रवेशाला तिकीट असतं. श्रोत्यांत पांढरी डोकी जास्त, आपल्यासारखीच. पण आठ ते पंचवीस वयाच्या मुलांना कॅव्हॅटिना नावाच्या न्यासाच्या योजनेतून फुकट जागा मिळते. त्यामुळे मधूनच व्हायोलिनची पेटी पाठीला लावलेली पोरगी आजोबांच्या शेजारी येऊन बसते. पैसा आला, पगार आले, तरी दार पहिल्यासारखंच थोडं किलकिलं ठेवलंय.

म्हणून मोठ्या नावाची सांगता मला नको वाटते. प्रायोजकाचा फलक पाठीमागे, पहिल्या दोन रांगा त्याच्या पाहुण्यांना, आणि आपले नेहमीचे ऐकणारे मांडवाच्या कडेला. एका रात्रीत इतका खर्च होईल की उरलेल्या शिलकीत साध्या बैठकीचीसुद्धा सोय राहणार नाही. त्याच पैशात तरुण कलावंतांच्या पाच-सहा बैठका होतील. त्यांच्या बिदागीचा आकडा मी इथून सांगू शकत नाही, तुम्हाला तो तोंडपाठ असेल.

माझं मागणं एवढंच. गेल्या वर्षी तबल्याच्या परीक्षेला बसलेल्या त्या दोन मुली आणि पोस्टातला तो पेटीवाला मुलगा, या तिघांना घरी बोलवा. काकूंना पोहे करायला सांगा. लाल वही त्यांच्यासमोर उघडा आणि पानांचे फोटो काढू द्या. पुढच्या दोन बैठकींचे कलावंत त्यांनाच ठरवू द्या. नाव तुम्हाला पसंत नसलं तरी मध्ये बोलू नका. तुम्ही दाराशी बसून वर्गणीच्या पावत्या फाडा. हंगामाच्या शेवटीही बंदच करावंसं वाटलं, तर मी पुन्हा लिहिणार नाही.

वही दाखवलीत की नाही, ते दिवाळीच्या आत कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी