प्रवासाआधीची टोचणी

दूरच्या प्रवासाची वार्ता घरात आली म्हणजे आमच्या गोव्याकडे प्रथम चिंता सुरू होते ती शिदोरीची. लाडू किती दिवस टिकतील, सोले कोणत्या बरणीत बांधावीत, लोणच्याचे तेल कपड्यांना लागू नये म्हणून काय करावे, अशा प्रश्नांवर घरातील वडीलधारी मंडळी रात्र रात्र खल करतात. प्रवाशाच्या प्रकृतीची आठवण होते ती अगदी शेवटी, पाय उंबऱ्याबाहेर पडताना. २०२३ साली नैरोबीला जाण्याचा योग आला तेव्हा मात्र हा क्रम पार उलटा झाला. लाडवांचे नावही निघण्यापूर्वी आमच्या घरात लशींची चर्चा सुरू झाली होती.

माझी थोरली बहीण लग्नानंतर नैरोबीस स्थायिक झाली आहे. पूर्व आफ्रिकेचे आणि गोव्याचे नाते जुने. इंग्रजी अमदानीत तेथील रेल्वेत आणि कचेऱ्यांत कारकुनी करण्यास गोव्याची पुष्कळ माणसे गेली. तेव्हा आमच्या ताईचे तेथे असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. त्या वर्षाच्या आरंभी तिच्या गळ्याला एक गाठ आढळली. शरीरशास्त्राच्या पुस्तकात जिला आपण अवटू ग्रंथी म्हणतो, तिचा अर्धा भाग काढावा असे डॉक्टरांनी सुचविले. शस्त्रक्रियेचा दिवस मे महिन्यात ठरला. ताईचा आवाज फार गोड आहे. आमच्या देवळातील भजनात तिचा गळा लागला की बाहेर ओसरीवर बसलेली माणसे बोलणे थांबवीत. आणि आवाजाला हुकूम करणारी मज्जा नेमकी त्या ग्रंथीच्या मागूनच जाते! आईने हे ऐकले आणि तिने एकच सांगितले, “हांव येतां.” मी येते. तिला सदुसष्टावे वर्ष होते, आणि विमानात ती पूर्वी कधी बसलेली नव्हती.

आमच्या मार्गात प्रथम आडवा आला तो पिवळा ताप. विद्यार्थी मित्रांनो, हा रोग आफ्रिकेच्या आणि दक्षिण व मध्य अमेरिकेच्या काही भागांत आढळतो. त्यात काही रोग्यांना कावीळ होते म्हणून त्याला पिवळा म्हणावयाचे. ज्यांचा आजार या दुसऱ्या टप्प्यावर जातो त्यांपैकी सुमारे निम्मे दगावतात, आणि त्यावर हमखास असे औषध नाही. आपल्या देशात हा रोग नाही. परंतु त्याचा प्रसार करणारा डास मात्र आपल्याकडे मुबलक आहे! पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, नारळाच्या करवंटीतील पाण्यातही वाढणारा असा हा डास. डेंग्यूच्या मोसमात शाळेच्या आवारात आपण ज्याची अंडी शोधीत फिरतो, तोच हा. म्हणजे घरात वाळलेले गवत रचून ठेवलेले आहे, फक्त ठिणगी नाही. ती बाहेरून येऊ नये म्हणून आपल्या सरकारचा नियम कडक आहे. अशा देशांतून परत येणाऱ्याजवळ लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. सहाच का? तर डास चावल्यापासून ताप दिसू लागेपर्यंत साधारणपणे तीन ते सहा दिवस लागतात.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंचीवर वसलेले थंड शहर आहे, आणि तेथे या तापाचे भय थोडेच. पण नियम शहराकडे पाहत नाही, देशाकडे पाहतो. मला हा नियम जाचक वाटला नाही. आपण जी टोच घेतो ती केवळ आपल्यासाठी नसून परतल्यावर ज्यांच्या शेजारी आपण राहणार त्यांच्यासाठीही असते, हे त्यातून कळते.

लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते. शरीराला तिची ओळख पटण्यास तेवढा अवधी हवा. लस देण्याचा अधिकारही ठराविक केंद्रांनाच असतो. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात असे केंद्र आहे. आईला घेऊन जाण्यापूर्वी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आईच्या औषधांची चिठ्ठी हातात घेतली, वाचली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आईला संधिवात आहे. त्यासाठी ती जी गोळी कित्येक वर्षे घेत आहे, ती शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम मंद ठेवते. पिवळ्या तापाची लस तर जिवंत विषाणूंची. ते विषाणू दुबळे केलेले असले तरी जिवंतच. निरोगी माणसाचे शरीर त्यांना सहज आवरते. ज्याचे पहारेकरी आपणच निजवून ठेवले आहेत, त्याच्या घरात असे पाहुणे सोडणे धोक्याचे. त्यात साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम, विरळ असले तरी, अधिक संभवतात. लस देऊ नये असे पत्र डॉक्टर देऊ शकतात. पण मग आजारापासून संरक्षण नाही, आणि परतल्यावर अलग राहण्याची तयारी ठेवावयाची. डॉक्टरांनी हे सारे सावकाश, दोनदा समजावून सांगितले. आईने ऐकून घेतले. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. रात्री मला म्हणाली, “तूं वच. हांव हांगा आसां.” तू जा, मी इथे आहे.

मुरगावला मी एकटीच गेले. तेथे रांगेत बहुतेक आमचे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे खलाशी होते. त्यांना या टोचणीचे काडीचेही कौतुक नव्हते. लशीच्या एका कुपीत अनेकांच्या मात्रा असतात आणि ती एकदा पातळ केली की काही तासांतच संपवावी लागते. म्हणून माणसे जमवून लस देतात. आम्ही थांबलो होतो तेवढ्यात एका प्रौढ तारवट्याने मला पिवळी पुस्तिका कशी जपावी याचे पाठ दिले. पासपोर्टच्याच पिशवीत ठेवा, नाव पासपोर्टप्रमाणे आहे का ते इथेच पाहा, शिक्का बघितल्याशिवाय उठू नका! पूर्वी हे प्रमाणपत्र दहा वर्षेच चाले. जुलै २०१६ पासून ते जन्मभर चालते. आत विचारपूस मात्र कसून झाली. अंडे सोसते ना? (ही लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वाढवितात.) कोणती औषधे चालू आहेत? दिवस गेले आहेत का? मग डाव्या दंडाला एक टोच. मुंगी चावल्याइतकीही नाही. नंतर अर्धा तास बसून राहावयाचे.

त्या अर्ध्या तासात मला पूर्वी वाचलेली एक गोष्ट आठवली. १९२७ साली, आज ज्याला घाना म्हणतात त्या देशात, असिबी नावाच्या एका तरुणाला पिवळा ताप आला. त्याच्या रक्तातून संशोधकांनी विषाणू मिळविला. असिबी बरा झाला. तोच विषाणू पुढे न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या व कोंबडीच्या गर्भपेशींत शंभराहून अधिक वेळा वाढविला, आणि त्या वाटेवर त्याचा मारकपणा गळून पडला. १९३७ मध्ये लस सिद्ध झाली. १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही जगात टोचली जाणारी पिवळ्या तापाची लस त्याच विषाणूच्या वंशातली आहे. मुरगावच्या बाकावर बसलेल्या आम्हा दहा-बारा जणांच्या दंडांत त्या घानाच्या माणसाचे देणे शिरले होते, आणि आमच्यापैकी बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. पारितोषिकांच्या यादीत असिबीसारख्यांना जागा नसते. निदान शाळेच्या पाठ्यपुस्तकात एखादी ओळ तरी असावी असे मला वाटते.

दोन दिवस अंग कसकसले, इतकेच.

नैरोबीस पोचल्यावर तयारीचा दुसरा अध्याय सुरू झाला, तो ताईचा. शस्त्रक्रियेआधी नळीतून तिच्या स्वरतंतूंची तपासणी झाली. आधी ते कसे हलतात हे पाहून ठेवले म्हणजे नंतर तुलना करता येते. आदल्या रात्रीनंतर जेवण बंद. सकाळी पाण्याचे दोन घोट तेवढे, आणि तेही शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंतच. कारण भूल दिल्यावर पोटातले वर आले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. नखांचा रंग पुसला, कारण बोटाला लावावयाच्या यंत्राला रक्तातील प्राणवायू मोजावयाचा असतो. बांगड्या उतरल्या. मंगळसूत्र काढताना ताईचा हात क्षणभर थांबला. मग तिने ते माझ्या गळ्यात घालून ठेवले.

प्रत्येक नवी परिचारिका येई आणि तेच प्रश्न विचारी: नाव काय, जन्मतारीख कोणती, कोणत्या बाजूची शस्त्रक्रिया? चौथ्या वेळी ताई वैतागली. तेव्हा मी तिला अतुल गवांदे यांच्याविषयी सांगितले. मराठी वडिलांचे हे चिरंजीव अमेरिकेत शल्यचिकित्सक झाले. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर विचारावयाच्या १९ गोष्टींची एक साधी यादी केली. आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यांत आपली दिल्ली होती, तसेच शेजारच्या टांझानियातील इफाकाराही होते. मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. प्रश्न विचारणे एवढेच. ताईने ऐकले, आणि पाचव्या परिचारिकेने विचारण्यापूर्वीच “उजवी बाजू” म्हणून मोकळी झाली. तेवढ्यात डॉक्टर येऊन तिच्या गळ्यावर निळ्या शाईची रेघ ओढून गेले.

गाठ साधी निघाली. भुलेच्या नळीमुळे ताईचा घसा बसला होता. बोलण्यास तिला सायंकाळ झाली. तोवर गोव्याहून आईचे फोन मीच घेत होते, आणि ती माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हती. शेवटी मी फोन ताईच्या कानाशी धरला.

“जेवलें गो बाय?” आईने विचारले.

“ना आई, च्या घेतली,” ताई म्हणाली. आवाज घोगरा होता, पण तिचाच होता.

आईने तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला.