मापाला उभा केलेला माणूस

पुणतांब्यात आमच्यासाठी देऊळ म्हणजे चांगदेवांची समाधी. पाया पडायचं, प्रदक्षिणा घालायची, प्रसाद खात गोदावरीच्या घाटावर पळायचं. देवळाच्या भिंतीकडेही बघायचं असतं, हे मला कळलं ते पुण्याला कॉलेजात गेल्यावर, एका पुस्तकामुळे.

हेन्री कझिन्स यांचं ‘मिडीव्हल टेम्पल्स ऑफ द दख्खन’. छापलं १९३१ साली. कझिन्स पुरातत्त्व खात्यातून १९१० मध्येच निवृत्त झाले होते. पुस्तक ग्रंथालयातून घरी नेता येत नसे, तिथेच बसून पानं उलटायची. सिन्नरचं गोंदेश्वर, रतनवाडीचं अमृतेश्वर, आणि मग एकदम कोकमठाण! आमच्या कोपरगावशेजारचं, मामाच्या गावाला जाताना एसटीतून कितीदा मागे टाकलेलं. आराखड्यात जाड भिंती काळ्याभोर भरलेल्या. पायांखालचं देऊळ वरून असं दिसतं तर!

पण माझी नजर अडकली ती भलतीकडेच. पुरातत्त्व खात्याच्या त्या काळच्या कितीतरी फोटोंत खांबाजवळ एक माणूस उभा असतो. मुंडासं, धोतर, हात सरळ सोडलेले. खांब किती उंच, हे कळावं म्हणून उभा केलेला. फोटोखाली देवळाचं नाव, त्याचं नाही.

असल्याच एका पानाची झेरॉक्स सुट्टीत घरी नेली. आजीने चष्मा लावला, खांबावरचं सगळं कोरीवकाम ओलांडून थेट त्याच्यापाशी गेली. ‘‘दमलाय बिचारा. किती वेळ उभा केला असंल रे?’’

नाव मागे राहून जाणं तसं जुनंच. १८०३ साली लंडनला वेरूळचा चोवीस चित्रांचा देखणा संग्रह निघाला. त्यावर नावं जेम्स वेल्स आणि थॉमस डॅनियल यांची. वेल्सचा साथीदार, पुण्याचा गंगाराम तांबट, त्यानेही वेरूळ रेखाटलं होतं. त्याची चित्रं निदान उरली, नाव शोधता येतं. मुंडासंवाल्याचं काय शोधणार? त्याने नुसती उंची दिली.

आता ते अख्खं पुस्तक फोनवर आहे. तेच घेऊन परवा भाच्याबरोबर कोकमठाणला गेलो. तो फोटो काढायला लागला तसा मी खांबाला लागून उभा राहिलो, हात सरळ सोडून.

‘‘मामा, जरा बाजूला. खांब झाकतोय.’’

मी हललो नाही.