मूठभर ज्वारीचा उपवास

मुंबईहून रात्री निघालेली अमरावती एक्सप्रेस सकाळी बडनेऱ्याला थांबते, नागपूरचा मुख्य मार्ग सोडते आणि उत्तरेला अमरावतीकडे वळते. हा फाटा लहानसाच आहे, पण अमरावतीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास त्याच्या आधाराने सांगता येतो. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. याच सुमारास रेल्वेचे रूळ वऱ्हाडातून पुढे सरकत होते आणि १८६७ मध्ये ते नागपूरला भिडले. रुळांबरोबर दलाल आले, जिनिंगवाले आले, साहेब आले. गोव्याची, मद्रासकडची, अँग्लो-इंडियन कुटुंबे रेल्वेच्या नोकरीला आली आणि त्यांच्यासाठी मिस्सा ही उपासना करायला पाद्रीही आले.

मी अमरावतीला उतरले ती २०२५ च्या मार्चची सुरुवात होती. ५ मार्चला राखेचा बुधवार होता. ख्रिस्ती पंचांगातला प्रायश्चित्तकाळ, म्हणजे लेंट, त्या दिवशी सुरू होतो आणि पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत चालतो. रविवार धरले तर ४६ दिवस होतात, पण रविवारी उपवास नसतो, म्हणून चाळीस. त्या वर्षी महाशिवरात्र आठवडाभरापूर्वीच झालेली आणि रमजानचे रोजे तीनच दिवसांपूर्वी सुरू झालेले. अंबादेवीच्या रस्त्यावर साबुदाण्याच्या पाट्या अजून दिसत होत्या आणि दोन गल्ल्या पलीकडे संध्याकाळच्या इफ्तारासाठी खजुराचे ढीग लागत होते. अख्खे शहर कुठल्या ना कुठल्या उपवासात असताना चर्चकडे जायला मिळाले, हे मला फार बरे वाटले.

अमरावतीच्या कॅथेड्रलला संत फ्रान्सिस झेवियरचे नाव आहे. सकाळच्या मिस्साला पुढच्या बाकांवर शाळकरी मुली, मागे निवृत्त नर्स, रिक्षावाले, शिक्षक आणि मेळघाटातून शहरात नोकरीला आलेली काही कोरकू तरुण मंडळी. वेदीवर फूल नव्हते. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या लोकांनी वर्षभर घरात क्रुसामागे खोचून ठेवल्या होत्या. त्या परत आणून जाळतात आणि तीच राख कपाळाला लावतात. वसईला किंवा गोव्याला माडाच्या झावळ्या असतात. वऱ्हाडात माड कुठला? इथे ओढ्याकाठच्या शिंदीच्या पानांवर भागते. रांगेत मी उभी नव्हते, बाजूला बसून पाहत होते. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, एवढेच धर्मगुरू प्रत्येकाला सांगत होते. कलेक्टर कचेरीतला अधिकारी असो की झाडूवाली बाई, शब्द तेच आणि राखेची चिमूटही तेवढीच.

मिस्सानंतर चर्चच्या आवारात तयारीची बैठक बसली. काय काय ठरले ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला उपवास म्हणजे फक्त न खाणे वाटते. दर शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट, तिची चौदा स्थाने, प्रत्येक स्थानाचे वाचन कोणत्या कुटुंबाकडे. पापनिवेदनासाठी बाहेरगावचे धर्मगुरू कधी येणार. पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढांची शिकवणी कोण घेणार. दुःखसहनाचा वृत्तांत गायला तीन आवाज लागतात, त्यांची तालीम. आजारी माणसांच्या घरी जायचे कोणी. आणि शेवटी पेटीचा विषय. मटण, मासळी, सिनेमा, चहा, ज्याने जे सोडले असेल त्याचे वाचलेले पैसे चाळीस दिवस त्या पेटीत साठतात. देशभरच्या कॅथलिक चर्चमध्ये कॅरिटास इंडिया ही १९६२ मध्ये स्थापन झालेली संस्था याच काळात भूक आणि रोगाविरुद्ध निधी गोळा करते. कडक उपवासाचे दिवस तसे दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांना. बाकी सारे ज्याच्या त्याच्या मनावर.

चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरला कोरकू कॅथलिकांची वस्ती आहे. तिकडे हे दिवस मोह गळण्याचे. माणसे अंधार असतानाच रानात जातात, तेव्हा सकाळच्या मिस्साला येणार कोण? "तिथे वेळ मोहाच्या फुलाला विचारून ठेवावी लागते," बैठकीतले एक फादर म्हणाले. होळी तर कोरकूंचा वर्षातला सर्वांत मोठा सण आणि तो बहुतेक दरवर्षी या चाळीस दिवसांतच येतो. होळी पौर्णिमेची आणि ईस्टरही वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, दोघांची गाठ चंद्रानेच घातलेली. फगव्याची वर्गणी मागत फिरणारी मुले आणि क्रुसाची वाट म्हणणारी मुले तिथे एकाच घरातली असतात. त्यांना ओरडून काही साधत नाही, हे तिथल्या धर्मगुरूंना फार पूर्वी कळले आहे.

हे धर्मगुरू कुठल्या परंपरेतून आले तेही पाहण्यासारखे आहे. आज फ्रान्समध्ये असलेल्या आनसी गावात १८३८ मध्ये पीटर मर्मिये या धर्मगुरूंनी संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने एक संघ काढला. त्याचे लोक १८४० च्या दशकात विशाखापट्टणमला उतरले आणि तिथून नागपूरकडे सरकले. १८८७ मध्ये नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला. ८ मे १९५५ रोजी त्यातून अमरावतीचा धर्मप्रांत निघाला. त्याचे पहिले बिशप जोसेफ अल्बर्ट रोझारिओ याच संघातले. १९६४ मध्ये ते नागपूरचे आर्चबिशप झाले. पुढे १९७७ मध्ये अमरावतीतून औरंगाबादचा धर्मप्रांत वेगळा काढला गेला. म्हणजे मराठवाड्यातल्या कॅथलिकांचे आजोळ एका अर्थाने वऱ्हाडात आहे.

दुसऱ्या दिवशी अकोल्याची गाडी धरली. मार्चचे ऊन अकराच्या आतच चढले होते. शेतात तुरीच्या कुट्याचे ढीग आणि हरभऱ्याची काढणी. मूर्तिजापूरला अरुंद रुळांची शकुंतला आठवली. ती कापसाचीच गाडी, यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंचा माल मुख्य मार्गावर आणून देणारी. बोरगाव मंजू गेले आणि मोर्णेच्या काठचे अकोला आले.

इथे ख्रिस्ती धर्म वेगळ्या दाराने आला. अमेरिकेत १८८७ मध्ये ए. बी. सिम्प्सन यांनी उभारलेल्या अलायन्स मिशनने वऱ्हाडात काम मांडले आणि अकोला हे त्याचे मोठे ठाणे झाले. मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी फुलर इथे राहिले. जेनीबाईंनी हिंदी स्त्रियांच्या हालांवर, बालविवाहावर, विधवांवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९०० मध्ये निघाले आणि त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. वाशीम, बुलढाण्याकडे नाझरीन मंडळी आली, यवतमाळला फ्री मेथॉडिस्ट. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला हलली. अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचे रुग्णालय, उमरीला रुग्णालय, वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल. वऱ्हाडातल्या लोकांना मिशन म्हटले की दवाखाना आणि शाळा आठवते. मला मात्र भुकेविषयी बोलायचे आहे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडात दुष्काळ पडला आणि लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा, ज्याला लोक छपन्नाचा म्हणतात तो, आला. माणसे रस्त्यावर मेली, मुले पोरकी झाली. रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला नेल्या. अकोला, खामगावकडे अलायन्स मिशनने पोरकी मुले सांभाळली, वाढवली, सुतारकाम, शिवण, वाचन शिकवले. वऱ्हाडातल्या किती तरी जुन्या ख्रिस्ती घरांचा पहिला पूर्वज असा एखादा पोरका मुलगा किंवा मुलगी आहे. "भाकरीसाठी बाटले" हा टोमणा या घरांनी तीन-चार पिढ्या ऐकला. मला तो टोमणा क्रूर वाटतो. भुकेल्या लेकराला भाकर देणाऱ्याचा हेतू तपासायचा असेल तर जरूर तपासावा, पण ज्याने खाल्ले त्या लेकराला त्याचा जाब विचारू नये.

त्याच घरांत आज उपवास कसा पाळतात हे मी अकोल्यात पाहिले. अलायन्स परंपरेतल्या एका मंडळीत गेले. इथे राख लावत नाहीत, मूर्ती नाहीत, जांभळा पडदा नाही. लेंटचे दिवस म्हणजे घरोघरी प्रार्थना. महिला मंडळाने वही केली आहे, रोज संध्याकाळी एक घर. त्या दिवशीचे घर एका मावशींचे होते. सत्तरी ओलांडलेल्या, दवाखान्यात आया म्हणून नोकरी केलेल्या. ओसरीवर सतरंज्या, पेटी, ढोलकी आणि तुकडोजी महाराजांच्या वऱ्हाडात असते तशी खंजिरी. पाळकसाहेबांचे बोलणे थोडके, गाणी पुष्कळ. उपासनासंगीतातली नारायण वामन टिळकांची पदे बायकांना तोंडपाठ होती, पुस्तक उघडायची गरज पडली नाही. मध्ये एका तरुणाने आख्यान लावले. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, त्याच वळणाचे. त्याहीआधी १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला छापले गेले, तेही ओवीत. ख्रिस्ताच्या दुःखाची कथा मराठीत गाऊन सांगायची ही रीत चारशे वर्षांची आहे आणि अकोल्याच्या त्या ओसरीवर ती जिवंत होती.

प्रार्थना संपल्यावर मावशींनी कोपऱ्यातला पत्र्याचा डबा दाखवला. रोज स्वयंपाकाला धान्य काढताना त्यातली एक मूठ ज्वारी किंवा तांदूळ या डब्यात पडतो.

"कोणासाठी?" मी विचारले.

"ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठी. ख्रिस्ती असो नाहीतर नसो. माही आजी छपन्नात मिशनात आलती, तिनं लावली ही सवय. मटन त सोडाच जी, ते काही मोठं नाही. उपास म्हन्जे आपल्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात गेलं पाह्यजे."

गुड फ्रायडेच्या आधी मंडळीतल्या सगळ्या घरांतले डबे एकत्र होतात. धान्य निवडून, पिशव्या भरून वाटतात. कोणाला द्यायचे याची यादी बायकाच करतात, पुरुषांना त्यात बोलू देत नाहीत. शेतात कर्ता माणूस गमावलेली घरे त्या यादीत वर असतात. वऱ्हाडात अशी घरे किती आहेत हे मी वेगळे सांगायला नको.

सकाळी तरुण संघाबरोबर कबरस्तानात गेले. पुनरुत्थानाच्या पहाटे उजाडण्याआधी मंडळी इथे जमून उपासना करते, म्हणून लेंटमध्येच साफसफाई सुरू होते. गाजरगवत उपटणे, पडलेल्या विटा लावणे, कबरींना चुना. पोरांनी फावडी, घमेली घरून आणली होती. मोठ्या दगडी कबरींवर इंग्रजी नावे, सन, बायबलमधले वचन, सारे स्पष्ट. त्यांच्या आजूबाजूला बुटक्या मातीच्या कबरी, बहुतेकांवर काहीच नाही. प्रचारक, बायबल-बाया, अनाथाश्रमातल्या स्वयंपाकिणी, बैलगाडीवान. मिशनच्या अहवालांत साहेबांची नावे आहेत, फोटो आहेत. गावोगाव पायी फिरून ज्यांनी प्रत्यक्ष काम केले ते "आमचे देशी साहाय्यक" या दोन-तीन शब्दांत आटोपले जातात. एका पोराने बिननावाच्या कबरीलाही तेवढ्याच काळजीने चुना लावला. कोणाची आहे, म्हणून विचारले तर म्हणाला, "ठाऊक नाही जी. पन आपलीच असन."

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती मंडळींना माझी एक विनंती आहे. तुमच्या चर्चमध्ये जुन्या बाप्तिस्मा-वह्या आहेत, विवाहाच्या नोंदवह्या आहेत, घरात आजीची हाताने उतरवलेली पदांची वही आहे. छपन्नाच्या दुष्काळात आलेल्या मुलांच्या नातवंडांपैकी शेवटची माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. लेंटच्या संध्याकाळी तुम्ही तसेही एकमेकांच्या घरी जमता. प्रार्थना झाली की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला अर्धा तास बोलते करा, तरुणांनी ते मराठीत, त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत, उतरवून घ्यावे, वह्यांची पाने मोबाइलवर टिपून ठेवावीत. कबरीवर नाव लिहिता आले तर लिहावे.  पुढच्या राखेच्या बुधवारापासून सुरुवात करता येईल.