विलंबित लयीतले दुःख

गॉथिक डूम मेटल ही हेवी मेटलची संथ, जड आणि शोकाला वाहिलेली शाखा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती उत्तर इंग्लंडमध्ये आकाराला आली आणि काही वर्षांतच नॉर्वे-स्वीडनपर्यंत पोहोचली. मेटल म्हटले की वेग आणि आक्रमकता आठवते. या शाखेने मात्र विरह, मृत्यू, ढळलेली श्रद्धा आणि पश्चात्ताप यांना मानाचे स्थान दिले. दुःख लवकर आवरते घ्यावे अशीच सगळीकडे अपेक्षा असते. हे संगीत दुःखाला वेळ देते, वजन देते आणि घाट देते. त्याचे आकर्षण या तीन गोष्टींत आहे आणि तिन्ही कारागिरीने साधाव्या लागतात.

डूमचे मूळ बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’मध्ये आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे शीर्षकगीत तीन सुरांवर उभे आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातले अंतर कानाला टेकू देत नाही. संथ लयीत तेच पुन्हा पुन्हा आले की धास्ती दाटत जाते. या वाद्यवृंदाचे गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात काम करत. तिथल्या अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबणारा हातच जायबंदी झाला. त्यांनी प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोप्या घडवल्या, बारीक तारा लावल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये बऱ्याच गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सैल तार दाबायला सोपी जाते आणि सूरही खाली जातो. एका दुखऱ्या हाताची सोय पुढे अख्ख्या शाखेचा आवाज ठरली.

दुसरे मूळ गॉथिक रॉकमध्ये आहे. पडके वाडे, शाप आणि अतृप्त आत्मे यांची इंग्रजी साहित्यातली परंपरा १७६४ मध्ये होरेस वॉलपोल यांच्या कादंबरीपासून सुरू झाली. संगीतात ती १९७९ च्या सुमारास ‘बाउहाउस’ आणि त्यानंतर लीड्सच्या ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ यांच्यासारख्या वाद्यवृंदांनी आणली. पुढे येणारा बेस, खर्जातला गंभीर आवाज आणि प्रतिध्वनीत बुडालेली गिटार ही त्यांची देणगी. स्वित्झर्लंडच्या ‘सेल्टिक फ्रॉस्ट’ने १९८७ च्या ‘इन्टू द पँडेमोनियम’मध्ये मेटलच्या जोडीला स्त्रीस्वर आणि ऑर्केस्ट्रा वापरून पुढची वाट मोकळी केली.

हे प्रवाह एकत्र आले ते प्रामुख्याने यॉर्कशरमध्ये. हॅलिफॅक्सचा ‘पॅराडाइज लॉस्ट’ १९८८ मध्ये सुरू झाला, ब्रॅडफर्डचा ‘माय डाइंग ब्राइड’ आणि लिव्हरपूलचा ‘अ‍ॅनाथिमा’ १९९० मध्ये. यॉर्कशरच्याच ‘पीसव्हिल रेकॉर्ड्स’ने तिघांचे आरंभीचे अल्बम काढले, म्हणून या तिघांना ‘पीसव्हिल त्रयी’ म्हणतात. हॅलिफॅक्स आणि ब्रॅडफर्ड ही लोकरीच्या गिरण्यांची गावे. या तरुणांच्या उमेदीच्या काळात त्या व्यवसायाचे वैभव ओसरले होते. कादंबरीकार ब्राँटे भगिनींचे गाव हॉवर्थ ब्रॅडफर्डपासून जवळच आहे आणि ब्रॅम स्टोकर यांच्या कादंबरीतला ड्रॅक्युला इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतो तो यॉर्कशरच्याच व्हिटबी बंदरात. गॉथिक कल्पनेची भूमी या मुलांना शोधायला जावे लागले नाही. १९९१ मध्ये ‘पॅराडाइज लॉस्ट’ने आपल्या दुसऱ्या अल्बमचे नाव ‘गॉथिक’ ठेवले आणि शाखेला नाव मिळाले.

या संगीताचे पहिले साधन लय. मिनिटाला साधारण ५० ते ८० ठोके हा त्याचा नेहमीचा पल्ला. वेगवान मेटलमध्ये ठोके इतके दाट असतात की वादकाची छोटी चूक त्यांत झाकली जाते. विलंबित लयीत दोन ठोक्यांमधली जागा उघडी असते, आणि ड्रमवादकाने ठोका किंचित आधी टाकला तरी सगळा भार कोलमडतो. ही जागा धरून ठेवते ती गिटार. गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या डिस्टॉर्शनमुळे सुराचा जोर आणि त्याचा क्षय यांतला फरक कमी होतो, म्हणून एकदा छेडलेला स्वरमेळ कितीतरी वेळ गुंजत राहतो. तो गुंजू द्यायचा की उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून तोडायचा, हा वादकाचा खरा निर्णय. लवकर तोडला तर गाणे सामान्य रॉकसारखे वाजते. गरजेपेक्षा जास्त लांबवला तर चिखल होतो. गिटार खालच्या ‘बी’पर्यंत उतरवली की नेहमीच्या तारा फडफडतात, म्हणून इथे जाड तारा लागतात. आयोमी यांनी हातासाठी तारा बारीक केल्या, त्यांच्या वारसदारांना आवाजासाठी त्या जाड कराव्या लागल्या.

दुसरे साधन सूर. मायनर स्वरश्रेणी, म्हणजे गंधार, धैवत आणि निषाद कोमल असलेला आपला आसावरी थाट, हा या संगीताचा पाया. निषाद शुद्ध केला की कीरवाणीची छाया येते. या शाखेतली चाल बहुतेक वेळा गायकापेक्षा गिटार वाहते. ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये एरन एडी खालून जड स्वरमेळांची भिंत रचतात आणि ग्रेगर मॅकिंटॉश तिच्यावर एकेका सुराची लांब, रडवी ओळ ओढतात. ती ओळ वाजवायला अवघड नसते; अवघड असते ते सुराला योग्य कंप देणे आणि पुढच्या सुराकडे घाईने न जाणे.

‘माय डाइंग ब्राइड’ने याच मांडणीत व्हायोलिन आणले. १९९३ च्या ‘टर्न लूज द स्वान्स’चे पहिले आणि शेवटचे गाणे गिटार आणि ड्रमशिवाय आहे, फक्त किबोर्ड, व्हायोलिन आणि माणसाचा आवाज. मेटलचा अल्बम असा सुरू करून तसाच संपवणे हे धाडस होते. १९९५ च्या ‘द एंजल अँड द डार्क रिव्हर’मधले ‘द क्राय ऑफ मॅनकाइंड’ हे बारा मिनिटांचे गाणे तर गिटारच्या एका छोट्या सुरावटीवर उभे आहे. ती सुरुवातीलाच येते आणि पुन्हा पुन्हा वाजत राहते. तिच्याभोवती ड्रम, व्हायोलिन आणि गाणे येते-जाते. सुरावट तीच राहते आणि दर वेळी तिचा अर्थ मात्र बदलतो. शोकात एकच विचार मनात फिरत राहतो, त्याची ही नेमकी सांगीतिक रचना आहे.

तिसरे साधन आवाजांचा विरोध. डेथ मेटलमधून आलेला गुरगुरता आवाज आणि निर्मळ स्त्रीस्वर यांची जोडी ‘गॉथिक’मध्ये आली. नॉर्वेच्या स्टाव्हँगरमधल्या ‘थिएटर ऑफ ट्रॅजेडी’ने १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये तिला संवादाचे रूप दिले: रेमंड रोहोनी यांचा खरखरीत स्वर आणि लिव्ह क्रिस्तीन यांचा हलका, उंच स्वर, दोघेही जुन्या वळणाच्या इंग्रजीत बोलणारे. गुरगुरणे म्हणजे ओरडणे नव्हे. पोटातून श्वासाचा आधार देऊन, गळ्यावर ताण न आणता तो आवाज काढावा लागतो; नाहीतर काही गाण्यांतच गळा बसतो. एका आवाजात संताप आणि क्षय, दुसऱ्यात आठवण. दोन्ही शेजारी ठेवले की एकच दुःख दोन्ही अंगांनी ऐकू येते.

असे संगीत ऐकून सुख का वाटावे, हा प्रश्न जुना आहे. अ‍ॅरिस्टॉटलचे कॅथार्सिस, म्हणजे भावनांचे विरेचन, आणि नाट्यशास्त्रातला करुण रस ही त्याचीच उत्तरे. लीला तारुफी आणि श्टेफान कोल्श यांनी २०१४ मध्ये ७७२ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. उदास संगीत ऐकताना लोकांनी सर्वाधिक वेळा सांगितलेली भावना दुःखाची नव्हती. ती गतकाळाच्या ओढीची होती. कल्पनेला मिळणारा वाव, भावनांचे नियमन आणि प्रत्यक्ष आयुष्यात काही न गमावता दुःख अनुभवता येणे, हेही लोकांनी लाभ म्हणून नोंदवले. गॉथिक डूम हे सगळे देते. त्याचा जडपणा श्रोत्याच्या दुःखाला हलके लेखत नाही आणि त्याची चाल त्या दुःखाला दिशा देते.

या शाखेचा दोषही तिच्या साधनांतच आहे. मेणबत्त्या, कबरी, मखमल आणि किबोर्डवरचे कृत्रिम कोरस सहज मिळतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अनेक वाद्यवृंद या सजावटीतच अडकले. सजावट वाढली की लय कारणाशिवाय संथ होते आणि चाल पोकळ होते. गाणे पारखण्याची सोपी रीत वादकांच्या हाताशीच आहे: डिस्टॉर्शन आणि किबोर्ड बाजूला ठेवून मुख्य ओळ साध्या गिटारवर वाजवून पाहावी. तेवढ्यानेही मन भरून आले, तर त्या ओळीला दिलेला वेळ आणि वजन सार्थ आहे. ‘पॅराडाइज लॉस्ट’ आणि ‘माय डाइंग ब्राइड’ यांची तीस वर्षांपूर्वीची उत्तम गाणी या कसोटीला आजही उतरतात, आणि स्वीडनच्या ‘ड्रॅकोनियन’सारखे नंतरचे वाद्यवृंद टिकले तेही मुख्यतः अशा चालींच्या बळावर.