शिकणाऱ्यांची गिटार

माणसांप्रमाणे वाद्यांमध्येही घराणी असतात, मानपान असतो आणि पंगतीत कोणाला कुठे बसवायचे याचे अलिखित नियमही असतात. इलेक्ट्रिक गिटारींच्या पंगतीत फेंडर घराण्याच्या टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या दोघींना मानाचा पाट असतो. नुसती नावे घेतली तरी जाणकार माना डोलावतात. याच घरातली एक धाकटी बहीण मात्र वर्षानुवर्षे माजघरात राहिली. तिचे नाव मस्टँग. अमेरिकेच्या माळरानांवर मोकाट हिंडणाऱ्या घोड्यांना मस्टँग म्हणतात. नाव असे उमदे. पण जन्मताच तिच्या गळ्यात जी चिठ्ठी अडकवली गेली तिच्यावर लिहिले होते, 'विद्यार्थ्यांसाठी'. त्या एका शब्दाने तिचे नुकसान केले, आणि त्याच शब्दामुळे ती मला आपली वाटते.

तिच्या जन्मदात्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला माणूस, जन्म 1909 चा. आधी हिशेबनीस होता. पुढे त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. गंमत अशी, की ज्याच्या गिटारींनी साऱ्या जगाला वेड लावले त्या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! वाजवणारे त्याच्याकडे येत, तक्रारी सांगत, आणि हा गृहस्थ त्या ऐकून हत्यारे हाती घेई. टेलिकास्टरचा पहिला अवतार 1950 मध्ये आला, स्ट्रॅटोकास्टर 1954 मध्ये. 1956 मध्ये त्याच्या कारखान्याने नवशिक्यांसाठी म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक अशा दोन लहान गिटारी काढल्या आणि 1964 मध्ये त्यांच्या पाठीवर मस्टँग आली.

मस्टँगचे सारे रहस्य तिच्या मापात आहे. गिटारीच्या दांडीच्या टोकाशी जी पट्टी असते तिथपासून घोडीपर्यंत जी तार मोकळी वाजते, तिची लांबी स्ट्रॅटोकास्टरमध्ये साडेपंचवीस इंच असते. मस्टँग दोन मापांत निघाली, साडेबावीस आणि चोवीस इंच. त्यांतले चोवीसचे माप पुढे रूढ झाले. दीड इंचाने असा काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. शास्त्र शाखेतल्या माझ्या एका मित्राने वहीच्या मागच्या पानावर मला हिशेब मांडून दाखवला. तार तीच आणि सूर तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे साडेपंचवीसवरून चोवीसवर आले की ताण सुमारे 11 टक्क्यांनी उतरतो, आणि साडेबावीसवर आले की सुमारे 22 टक्क्यांनी. तारा मऊ होतात, पडदे एकमेकांच्या जवळ येतात, आणि ज्याच्या बोटांना अजून घट्टे पडलेले नाहीत त्याचे डोळे भरून येत नाहीत.

हे मी पुस्तकी सांगत नाही. वसतिगृहातल्या एका मित्राकडे स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त नावाने विकली जाणारी मस्टँग आहे, आणि गेल्या वर्षापासून ती त्याच्यापेक्षा माझ्याच खाटेवर अधिक असते. तिच्यात जुन्या मस्टँगचे सरकते खटके नाहीत, की हलती घोडीही नाही. पण तारेचे माप तेच, चोवीस इंच. अँप्लिफायर न जोडता रात्री अकरा वाजता वाजवली तरी पलीकडच्या खाटेवरचा झोपमोड झाल्याची तक्रार करत नाही. वसतिगृहाच्या दृष्टीने हा गुण थोर मानला पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती गावी, इचलकरंजीला, घेऊन गेलो. आमचे आबा यंत्रमागावर काम करतात. गाणेबजावणे त्यांच्या वाटेला फारसे आलेले नाही. त्यांनी ते लाल लाकूड उलटसुलट करून पाहिले, मग अंगठ्याने एक तार दाबली, सोडली, पुन्हा दाबली. बीमवरच्या ताण्याला हात लावून तो घट्ट की सैल हे सांगणारी ती बोटे. म्हणाले, "ताण जरा ढिलाच ठेवलाय की रं."

मी म्हटले, "आबा, ही शिकाऊ पोरांची हाय. दुकानदार म्हणतोय, पुढं खरी घ्यावी लागंल."

आबा हसले. "मागावर नव्या पोराला आधी जाड सूत देत्यात. बारीक सूत त्याच्या हातनं सारखं तुटतंय. म्हणून जाड सुताचं कापड काय खोटं असतंय व्हय?"

इतके बोलून ते पाळीवर निघून गेले. पण मस्टँगविषयी याहून चांगले वाक्य मी आजवर कुठे ऐकलेले नाही.

कारण मस्टँग खरोखर खोटी नव्हती. शिकाऊंसाठी म्हणून तिच्यात काही कमी घातले असेल असे वाटते, तर ते तपासून पाहावे. तारा सहाच्या सहा. चोवीस इंची मस्टँगच्या दांडीवर पडदे बावीस. त्या काळच्या स्ट्रॅटोकास्टरवर एकवीसच होते! तारेचे कंपन पकडून त्याची वीज करणारी, चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असलेली पिकअप दोन. आणि प्रत्येक पिकअपला स्वतंत्र सरकता खटका: मध्ये ठेवला की बंद, एका बाजूला सरकवला की चालू, दुसऱ्या बाजूला सरकवला की चालूच, पण उलट्या दिशेने. दोन्ही पिकअप एका दिशेने चालू असली तर आवाज भरीव येतो. एक उलटे केले की दोन्हींचे खर्जातले सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो बारीक, नाकातला, किंचित रुसल्यासारखा आवाज. त्या काळच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये ही सोय नव्हती. शिवाय दांडा हलवून सूर लाटेसारखा खालीवर करण्याची यंत्रणाही मस्टँगला होती. धाकटीच्या पदरात आईने गुपचूप चार लाडू जास्त बांधावेत, तसा हा प्रकार.

दोष नव्हते असे मात्र नाही, आणि प्रेमापोटी ते झाकण्यात अर्थ नाही. घोडी दोन खुंटांवर टेकून डुलते. जोराने वाजवले, दांडा फार हलवला, की ती जागेवर परत येतेच असे नाही आणि तारा सुरातून उतरतात. मऊ तार जशी सहज दबते तशीच जास्त दाबली की सहज बेसूरही होते. ते सरकते खटके हाताच्या वाटेत येतात. म्हणजे जी गिटार नवशिक्याच्या हाती द्यायची, तीच सांभाळायला हलका आणि समजूतदार हात मागते. लोकांनी दोष तेवढे लक्षात ठेवले. 'शिकून झाले की टाकून द्यायची गिटार' अशी तिची ख्याती झाली. 1965 च्या आरंभी फेंडर कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतली. पुढे 1969 मध्ये मस्टँगच्या अंगावर शर्यतीच्या मोटारीसारखे पट्टे ओढून पाहिले. आणि अखेर 1982 मध्ये तिचे उत्पादन थांबले.

पण टाकलेली वस्तू कोणाच्या ना कोणाच्या हाती लागतेच. जपानमध्ये चार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकाने सत्तरीच्या दशकात मस्टँगच हाती धरली आणि पुढेही सोडली नाही.  शिकाऊ म्हटलेल्या गिटारीवर त्याने नाव कमावले. मस्टँगला पुनर्जन्म मिळाला तोही जपानमध्येच, 1990 साली. तिथल्या 'के-ऑन' या 2009 च्या चित्रमालिकेत अझुसा नावाची चिमुरडी शाळकरी मुलगी मस्टँग वाजवते, ती लहान मापाची म्हणूनच तिला शोभते. इकडे अमेरिकेत 1991 मध्ये 'निर्वाणा' या बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या चित्रफितीत निळी, पट्ट्यांची मस्टँग वाजवली. तो डावखुरा होता. मनासारखी डावी गिटार मिळणे दुर्मीळ, त्यात सुरुवातीला खिशात पैसे नाहीत. अशा माणसाने मस्टँगला आपली आवडती म्हटले. 1994 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गेला. चित्रफितीतली ती मस्टँग मे 2022 मध्ये अमेरिकेत लिलावात निघाली आणि तिला सुमारे 45 लाख डॉलर मिळाले.

हा आकडा ऐकून आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी 'अबब!' केले. मला मात्र त्याने विशेष आनंद झाला नाही. ती किंमत कोबेनच्या नावाची होती. उपेक्षिताला एखाद्या थोराचा हात लागल्यावर त्याचे मोल कळणे हे मोल कळणे नव्हेच. मस्टँगचे खरे कौतुक व्हायचे तर ते तिच्या मापाचे व्हायला हवे. कोणीतरी बसून, मोजून, दीड इंच कमी केला, त्याचे व्हायला हवे.

आणि इथेच माझा तिच्याशी संबंध जुळतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए.ला आहे म्हटले, की गल्लीत विचारतात, "शास्त्राला नंबर लागला नाही व्हय?" म्हणजे पदव्यांच्या पंगतीतही आम्ही कलाशाखेवाले मस्टँगच! पहिल्या वर्षी इंग्रजीचा पेपर जड जाईल या धास्तीने मी अनुभवी माणसांना विचारले, तेव्हा एकाने कळकळीने सांगितले, "मूळ पुस्तकाच्या नादी लागू नकोस, गाइड वाच. तुमच्यासारख्यांना तेच बरे." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्या 'तुमच्यासारख्यांना'ने मी कितीतरी दिवस आतून कुरतडला गेलो.

आज मला वाटते, सोपेपणा दोन जातींचा असतो. एक गाइडचा. त्यात पुस्तकातले निम्मे काढून घेतलेले असते आणि उरलेले चमच्याने भरवलेले असते. दुसरा मस्टँगचा. त्यात काढून घेतलेले काहीच नसते. सहा तारा, बावीस पडदे, सगळे जिथल्या तिथे असते. फक्त तुमचा हात केवढा आहे हे पाहून ते थोडे जवळ आणून ठेवलेले असते. पहिल्या सोपेपणात आपल्याविषयीची कीव आहे, दुसऱ्यात आपल्यावरचा भरवसा. आमच्या एका सरांनी मला ते मूळ पुस्तक दर शनिवारी तासानंतर दोन-दोन पाने करून वाचायला लावले. सोपे केले नाही, जवळ आणले. पुस्तक या मार्चमध्ये संपले.

ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटे आहेत त्यांना हा दीड इंच कदाचित जाणवणार नाही. पण आमच्यासारखी, तालुक्याच्या एसटीने येणारी, घरात पहिल्यांदाच ग्रंथालयाचे कार्ड आणणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांना कोणी 'शिकाऊ' म्हटले तर त्यांनी मान खाली घालू नये. वाजवायला न येणाऱ्या एका माणसाने शिकणाऱ्यांच्या बोटांचा विचार करून जी गिटार घडवली, ती साठ वर्षांनंतरही वाजते आहे. आणि आम्हांला शिकवणाऱ्या गुरुजनांना एवढीच विनंती, की आमच्यासाठी तारा कमी करू नका. दीड इंच तेवढा कमी करा. बोटांना घट्टे पाडायचे काम आम्ही करू.