बुरिटो, लोकवन आणि आपला एचएमटी

गेल्या रविवारी आमच्या ऊर्जानगरच्या घरी बुरिटो झाला. हसू नका. मुलगी नववीत आहे, मोबाईलवर काहीबाही पाहते आणि मग बाबाच्या मागे लागते. बाहेरून मागवायचं तर चौघांचा खर्च ऐकूनच मी म्हटलं, घरी करू. बायको म्हणाली, "तुम्ही करणार? मग ओटाही तुम्हीच पुसा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या पातळ पोळीत राजमा, भात, टमाटरची चटणी, कोबी-कांदा भरायचा, दोन्ही टोकं आत दुमडायची आणि घट्ट गुंडाळायचं. स्पॅनिशमध्ये बुरिटो म्हणजे छोटं गाढव. मूळ मेक्सिकोच्या उत्तरेकडचं खाणं. तिकडे मक्याच्या जोडीला गहू पिकतो, म्हणून पोळी गव्हाची. भात आत शिरला तो पुढे, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर.

राजमा शनिवारी रात्रीच भिजत घातला. सकाळी कुकरमध्ये चांगला गाळ शिजवला, कच्चा राहिला तर पोट बिघडतं. मग लसूण, जिरं, लाल तिखट घालून परतून अर्धवट ठेचला. टमाटर आणि हिरव्या मिरच्या गॅसवर काळ्या होईस्तोवर भाजल्या, सोलून ठेचल्या, वरून कांदा, लिंबू आणि भरपूर सांबार. (पुण्याचे मित्रहो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. दरवेळी सांगावं लागते.) अवोकॅडो इथे शोधायच्या भानगडीत पडलो नाही.

पोळीने मात्र घाम काढला. पहिल्या तीन सरळ पापड झाल्या, गुंडाळायला गेलो की तडकत होत्या. मंद आचेवर ठेवून मी त्या वाळवत होतो. आई खुर्चीवरून पाहत होती. म्हणाली, "तवा तापव ना बापा. अन् काढली की फडक्यात झाक." मग कणीक गरम पाणी आणि तेल घालून सैल भिजवली, अर्धा तास झाकून ठेवली, तवा कडक तापवला, एकेक बाजू अर्धा मिनिट. जमलं. आईचं पुढचं वाक्य होतं, "एवढी मोठी पोळी करायची तर मडक्यावरची लांब रोटीच कर ना." खरं आहे तिचं. आपल्याकडच्या बाया उलट्या मडक्यावर हातानेच जी रोटी पसरवतात, तिच्यापुढे माझं लाटणं म्हणजे पोरखेळ.

आता मुद्द्यावर येतो. जेवताना मुलीने विचारलं, "बाबा, यातलं मेक्सिकोचं काय आहे?"

मिरची, टमाटर, राजमा हे मूळचे तिकडच्याच मुलखातले, हे मला माहीत होतं. पण कणीक? ती आमच्या दुकानातल्या लोकवनची. हा लोक-१ वाण गुजरातेत सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत तयार झाला, आणि त्याचा एक जनक सोनालिका. सोनालिका निवडली गेली ती मेक्सिकोहून आलेल्या गव्हाच्या साहित्यातून. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतो. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं. त्यात एका वाणाचं नाव सोनोरा ६४. सोनोरा हे मेक्सिकोच्या उत्तरेतलं राज्य, तिथली गव्हाची मोठी पोळी प्रसिद्ध आहे. म्हणजे आपली रोजची पोळी आधीच अर्धी तिकडची. त्या गव्हामागचे नॉर्मन बोरलॉग यांना १९७० चं शांततेचं नोबेल मिळालं. मुलीच्या तोंडात ते नाव होतं, शाळेत शिकली आहे.

"आणि भात?"

भात एचएमटी. तिला वाटत होतं, कंपनीचं नाव आहे. तिचं काय चुकलं? घड्याळाचंच तर नाव आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या. बारीक दाणा, चांगला उतारा. बाजारात गेला तेव्हा नाव नव्हतं, एचएमटी घड्याळाची चलती होती, तेच चिकटलं. पुढे १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही एचएमटी आला. बियाणं आपल्याकडून नेलं आणि श्रेय दिलं नाही, ही दादाजींची तक्रार शेवटपर्यंत होती. २००५ ला राष्ट्रपती कलामांच्या हस्ते सन्मान झाला, २०१० ला फोर्ब्सच्या यादीत आले. हातातली तंगी मात्र सुटली नाही. ३ जून २०१८ ला गेले.

हे मी मुलीला सांगत होतो आणि घास गिळवत नव्हता. कारण त्यांच्या हयातीत मी नागभीडला किती वेळा गेलो असेन. वाघाच्या बातमीला, अपघाताला, नेत्यांच्या सभेला. नांदेडला वळलो नाही. ते गेल्यावर जी बातमी लिहिली, ती दुसऱ्यांच्या कात्रणांवरून. जिल्ह्यातला पत्रकार म्हणून हे माझं खातं आहे, दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

सोमवारी किराणा दुकानात गेलो. म्हटलं, भाऊ, एचएमटीच्या पोत्यावरच्या पाटीवर "दादाजी खोब्रागडे यांचा" एवढं लिही. तो म्हणाला, "कोण हे? नवीन ब्रँड आहे का?" सांगितलं. त्याने खडूने लिहिलं, वर म्हणाला, "आमच्याच जिल्ह्याचे अन् आम्हालेच माहीत नाही."

गुरुवारी गेलो तर पाटी पुसून नवा भाव टाकला होता, नाव गेलं होतं. खडू मागितला आणि मीच लिहून आलो.